रद्द करण्याची तयारी

१६ जुलै १९९९च्या रात्री न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावरून एक वैमानिक नॅन्टकेट बेटाकडे निघाला होता. वाटेत डाव्या हाताला मार्थाज व्हिनयार्ड हे बेट लागतं. त्याने तिकडे पाहिलं तर एकही दिवा दिसेना. बेटावरची वीज गेली असावी, असं त्याला वाटलं. वीज गेलेली नव्हती. समुद्रावर दाट हेझ, म्हणजे धुरकट हवा पसरली होती आणि तिने दिवेही गिळले होते, क्षितिजही.

त्याच रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन यांना घेऊन स्वतःच्या पायपर साराटोगा विमानातून त्याच मार्थाज व्हिनयार्डकडे येत होते. ९ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास ते विमान समुद्रात कोसळलं आणि तिघेही गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात विमानात बिघाड सापडला नाही. अंधार आणि हेझ यांमुळे वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष निघाला.

त्या तपासात आणखी एका वैमानिकाचा जबाब आहे. केनेडी ज्या एसेक्स काउंटी विमानतळावरून निघाले, तिथेच तो त्या संध्याकाळी होता. त्याने हवेकडे पाहिलं आणि त्या रात्री न जाण्याचा निर्णय घेतला. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. पण छोटं विमान उडवणाऱ्या प्रत्येकाने शिकावं ते त्याच्याकडून. हा लेख बारामती, गोंदिया, धुळे, अमरावती इथे शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, टेक्सास किंवा मेलबर्नमध्ये शनिवार-रविवारी सेस्ना भाड्याने घेऊन घरच्यांना फिरवणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्यांसाठीही आहे.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या. त्या रात्री आसपासच्या विमानतळांनी नोंदवलेली दृश्यमानता नियमात बसत होती. कायद्याने कुणी अडवलं नसतं. नियम सांगतो की याखाली जाऊ नका, पण त्याच्या वर तुमचं निभेल अशी हमी तो देत नाही. आपल्याकडे व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे बाहेर बघून, डोळ्यांच्या भरवशावर विमान चालवायला, १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं १,००० फूट अंतर ठेवावं लागतं. कंट्रोल झोनमधल्या विमानतळावर ढगाचा तळ १,५०० फुटांखाली असेल तर व्हीएफआरने उतरता-उडता येत नाही. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपलीकडे सहसा परवानगी नाही. हे आकडे हजारो तास उडालेल्या माणसालाही लागू आहेत आणि काल पहिली सोलो, म्हणजे एकटीने उड्डाण, केलेल्या मुलीलाही. दोघांची मर्यादा एकच कशी असेल? म्हणून स्वतःचे आकडे ठरवायचे, आणि ते कायद्याच्या वर ठेवायचे.

ते कधी ठरवायचे, यावर सगळं अवलंबून आहे. विमानतळावर उभं राहून, पाहुणे बॅगा घेऊन आलेले असताना ठरवलेला आकडा हा आकडा नसतोच. त्या क्षणी जे दिसतंय त्यालाच आपण मर्यादा म्हणून बसतो. घरी, उड्डाण ठरलेलं नसताना, कागदावर लिहा. साधारण साठ-सत्तर तासांच्या वैमानिकाला मी हे सुचवेन: दृश्यमानता ८ किलोमीटर. ढगाचा तळ वाटेतल्या सर्वांत उंच जमिनीपासून ३,००० फूट. वारा १५ नॉटपर्यंत, त्यातला क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा येणारा वारा, ८ नॉटपर्यंत. विमानाच्या हँडबुकात लिहिलेल्या टेक-ऑफ आणि लँडिंगच्या अंतराच्या दीडपट धावपट्टी. उतरल्यावर टाकीत एक तासाचं इंधन शिल्लक. सूर्यास्ताच्या एक तास आधी जमिनीवर. हे माझे आकडे आहेत. तुमच्या इन्स्ट्रक्टरबरोबर बसून तुमचे ठरवा. अनुभव वाढेल तसे ते सैल करता येतील, पण उड्डाणाच्या दिवशी सैल करायचे नाहीत. कडक मात्र कधीही करता येतात.

क्रॉसविंड काढताना झोत धरायला विसरू नका. धावपट्टी २७ आहे आणि मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान-नोंदीत, वारा २१० अंशांवरून १२ नॉट, झोत २० नॉटपर्यंत, असं समजा. कोन ६० अंशांचा, म्हणजे वाऱ्याचा सुमारे सत्त्याऐंशी टक्के भाग आडवा. १२ धरले तर साडेदहा नॉट येतात आणि वाटतं, जमेल. २० धरले तर १७ येतात. सेस्ना १७२च्या हँडबुकात दाखवून दिलेला क्रॉसविंड १५ नॉटचा आहे, तोही कारखान्याच्या वैमानिकाने दाखवलेला. चाकं टेकायच्या क्षणी झोत येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, म्हणून गणित नेहमी २०चं करायचं.

आणखी एक नियम मी फार मानते. दोन गोष्टी काठावर असतील तर उत्तर 'नाही'. एकही मर्यादा ओलांडलेली नसते, तरी क्रॉसविंड सात नॉट असतो, रात्री झोप पाच तास झालेली असते आणि जायचं विमानतळ पहिल्यांदा पाहायचं असतं. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर चालण्यासारखी वाटते. अपघातांचे अहवाल वाचत गेलात की दिसेल, बहुतेकांत अशा चालण्यासारख्या तीन-चार गोष्टी एकाच दिवशी एकत्र आलेल्या असतात.

ढगात शिरणं किती वाईट, हे नव्या वैमानिकाला सांगून पटत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा कृत्रिम परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांपेक्षाही कमी. यात हात वाईट असण्याचा प्रश्न नाही. कानातला जो द्रव आपल्याला वळण सांगतो, तो एकसारख्या वळणात थोड्या वेळाने स्थिर होतो आणि वळण थांबलं असं सांगू लागतो. विमान एका बाजूला कलून खाली चाललेलं असतं आणि शरीर शपथेवर सांगतं की आपण सरळ आहोत. केनेडींकडे सुमारे ३१० तासांचा अनुभव होता, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, नव्हतं. तेव्हा ढगाच्या बाबतीत 'बघू, पुढे मोकळं असेल' हे वाक्य मनात आलं की तोच परत फिरण्याचा क्षण समजा. क्षितिज दिसत असतानाच वळा. दिसेनासं झाल्यावरचं वळण फार अवघड असतं.

आपल्या भागाच्या हवेचे स्वभाव ठाऊक असले तर रद्द करायचं की पुढे ढकलायचं हे बऱ्याच वेळा आदल्या रात्रीच कळतं. विदर्भात थंडीत सकाळी धुकं पडतं. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांत तीन अंशांहून कमी फरक उरला असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटेचं धुकं जवळजवळ धरूनच चाला. हे धुकं उन्हाने विरतं. इथे उड्डाण पुढे ढकलणं योग्य आहे, मात्र विरताना ते आधी वर उचलून खालच्या ढगासारखं बसतं, तेव्हा धावपट्टीचं टोक दिसलं म्हणून धावू नका. लागोपाठच्या दोन मेटारमध्ये सुधारणा दिसू द्या. एप्रिल-मेमधला वळीव उलटा. तो दुपारनंतर येतो, आणि तो 'जाईपर्यंत थांबू' असं म्हणणारा संध्याकाळच्या अंधारात सापडतो. त्या महिन्यांत लांबचं उड्डाण सकाळीच करा, सकाळ हुकली तर दुसऱ्या दिवशी. वळवाच्या ढगापुढे धावणारा वारा ढगाच्या कितीतरी आधी येऊन पोचतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि विंडसॉक एकदम फिरतो. मोठ्या गडगडाटी ढगापासून २० नॉटिकल मैल दूर राहा असं सांगितलं जातं ते यासाठी. आणि पावसाळ्यात सह्याद्री. ढग घाटमाथ्यावर टेकलेले असताना कोकणातून देशावर व्हीएफआरने जायला वाट नसते. दरीतून वर चढत जाताना पुढे ढग आणि दोन्ही बाजूंना डोंगर, वळायला जागा नाही, अशी स्थिती क्षणात येते. तिथे तासाभराने बघण्यात अर्थ नाही. तो दिवसच सोडायचा.

उन्हाळ्याबद्दल एक गणित सांगते, कारण निरभ्र आकाश पाहून माणूस गाफील होतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाणित तापमान १३ अंश धरतात. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश असतील तर फरक ३२ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरा. १,००० अधिक ३,८४०, म्हणजे जवळपास ४,८०० फूट. इंजिन, पंख आणि प्रोपेलर यांना ती हवा महाबळेश्वरच्या उंचीवरची असते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि चार माणसं बसवलेली सेस्ना झाडांकडे सरकत राहते. उपाय सोपा आहे: पहाटे उडा, किंवा एक माणूस आणि त्याची बॅग कमी करा. दोन्ही जमत नसेल तर रद्द करा.

हेच गणित आणि त्यावर बाहेरचा रेटा असला तर काय होतं, याचं उदाहरण ११ एप्रिल १९९६चं आहे. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी वडील आणि इन्स्ट्रक्टर यांच्याबरोबर अमेरिका आडवी पार करायला निघाली होती. वायोमिंगमधलं शाएन विमानतळ ६,००० फुटांहून उंचावर आहे. सकाळी पाऊस आणि वादळ येऊन ठेपलं होतं, विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं. ते निघाले, आणि उड्डाणानंतर लगेच विमान कोसळून तिघेही मरण पावले. तपासात इन्स्ट्रक्टरचा निघण्याचा निर्णय चुकीचा ठरला, आणि त्यामागे अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा व प्रसारमाध्यमांना दिलेल्या वेळा यांचाही वाटा होता असं नोंदवलं गेलं. विमानातला शहाणा माणूस कोण होता, तर तो इन्स्ट्रक्टर. हवामान त्यालाही दिसत होतं.

इथे मला जे म्हणायचंय त्याच्या गाभ्याशी आपण येतो. उड्डाण रद्द करताना आड येतो तो बहुतेक वेळा दिलेला शब्द. मामाच्या मुलीचं लग्न, सोमवारची मीटिंग, 'तू आम्हाला विमानातून नेशील ना' म्हणणारे आईबाबा. शिकणाऱ्यांना तर दुहेरी ओझं: व्यावसायिक परवान्याला २०० तास भरायचे, डोक्यावर कर्ज, पावसाळ्याने दोन महिने वाया घालवलेले, आणि बरोबरचा मुलगा पुढे गेलेला. आणि रेटा बाहेरून यायलाच हवा असं नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर ढगात शिरून डोंगरावर आदळलं, नऊ जण गेले. गिऱ्हाईकाने किंवा कंपनीने वैमानिकावर दबाव आणल्याचा पुरावा सापडला नाही. वैमानिकाने तो स्वतःच स्वतःवर घेतला असावा, असं तपास मंडळाने म्हटलं.

म्हणून खरी तयारी रद्द करण्याची करायची. रद्द करणं जितकं स्वस्त करून ठेवाल, तितकं ते वेळेवर होईल. लग्नाला जायचंय? रेल्वेचं तिकीट काढून ठेवा, किंवा गाडीत पेट्रोल भरून ठेवा, आणि गाडीने वेळेत पोचायला घरातून किती वाजता निघावं लागेल ती वेळ लिहा. तीच तुमची विमानाचीही निर्णयाची वेळ. त्या वेळेला हवा पक्की नसेल तर गाडी. परत यायचं असेल तर एक रात्र जास्त राहण्याची सोय आणि दुसऱ्या दिवशीची रजा आधीच सांगून ठेवा. परतीच्या उड्डाणात, घर दिसू लागलेलं असताना, माणूस जास्त हट्टी होतो. बरोबर येणाऱ्यांना आमंत्रण देतानाच सांगा: "हवा चांगली असली तर विमानाने, नाहीतर गाडीने. सकाळी सातला सांगतो." आधी हे ऐकलेल्या माणसाला सातला आलेला नकार म्हणजे ठरलेल्या दोन गोष्टींपैकी एक वाटतो, मोडलेला शब्द वाटत नाही. आणि ज्या कामाला काहीही झालं तरी पोचायलाच हवं, त्या कामाला छोट्या विमानाने जाऊ नये.

पुढे ढकलण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते रद्द करण्यापेक्षा निरुपद्रवी दिसतं आणि तसं ते नाही. केनेडी संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यान विमानतळावर येणार होते. प्रत्यक्षात उड्डाण झालं ८ वाजून ३८ मिनिटांनी, सूर्यास्त झाल्यावर. जे उड्डाण दिवसाउजेडी किनारा दिसत असताना झालं असतं, ते अंधारात पाण्यावरून झालं. त्या दिवशी एका इन्स्ट्रक्टरने सोबत येण्याची तयारी दाखवली होती. त्यांनी एकट्याने जायचं असं सांगितलं. तीन तास उशिराचं उड्डाण हे वेगळं उड्डाण असतं. प्रकाश, हवा, वारा, तुमची भूक आणि थकवा, सगळं बदललेलं असतं. ढकललंत की ब्रीफिंग कोऱ्या कागदावर पुन्हा करा, जुन्याच कागदावर वेळ खोडून लिहू नका. आणि ढकलताना शेवटची वेळ बोलून ठेवा: "दहापर्यंत ढगाचा तळ ३,००० फुटांवर गेला नाही तर आज नाही." मी दोनदा ढकलते. तिसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर तो दिवस संपला.

शरीराचं आणि विमानाचं लवकर आटोपते, कारण तिथे घासाघीस करण्यासारखं काही नाही. सर्दी असेल तर कान बंद होऊन उतरताना असह्य दुखतं, आणि सर्दीच्या साध्या गोळीनेही झापड येते. औषधाच्या दोन मात्रांमध्ये जितकं अंतर असतं त्याच्या पाचपट वेळ शेवटच्या गोळीनंतर जाऊ द्या, असं अमेरिकन विमान वाहतूक प्रशासन अशा गोळ्यांबाबत सांगतं. मद्य घेतल्यावर १२ तास आपल्या नियमाने वर्ज्यच. भांडण, घरातलं आजारपण, परीक्षेची काळजी हीही कारणं आहेत, ती कुणाला पटवून द्यायची गरज नाही. विमानाच्या बाबतीत रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन-तपासणीत, मॅग्नेटो तपासताना सेस्ना १७२एसमध्ये १,८०० आरपीएमवर घट १५०पेक्षा जास्त किंवा दोन मॅग्नेटोंमधला फरक ५०पेक्षा जास्त आला, तर परत या. 'काल पण असंच होतं, उडालो' हे तांत्रिक मत नव्हे. पावसात उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाकीच्या तळाचं इंधन काढून पाहा आणि पाणी दिसलं तर येणं थांबेपर्यंत काढत राहा. थांबतच नसेल तर मेकॅनिक.

नकार कसा द्यायचा, याचाही सराव लागतो. विद्यार्थ्याला वाटतं, सरांनी सोलो लावली म्हणजे ती करायलाच हवी. तसं नाही. इन्स्ट्रक्टर परवानगी देतात. वापरायची की नाही ते तुमच्या हातात असतं. आकडा सांगा, भावना सांगू नका: "सर, झोत धरून क्रॉसविंड अकरा येतोय, माझी मर्यादा आठ आहे. आज मी सोलो घेत नाही." चांगला इन्स्ट्रक्टर यावर खूश होतो. जो चिडतो, त्याच्या हाताखाली शिकायचं का, याचा घरी शांतपणे विचार करा. पाहुण्यांना मात्र आकड्यांची गरज नाही. त्यांना सांगितले तर ते वाटाघाटी सुरू करतात: "पण इथे तर ऊन आहे!" तिथे एक वाक्य पुरे: "आज विमानाने नाही, गाडीने निघू या."

शेजारी बसणाऱ्यांनो, तुमचंही काम आहे. 'किती वाजता पोचू?' हा प्रश्न विचारू नका; पलीकडे वाट पाहणाऱ्यांनाही फोन करून तो विचारू देऊ नका. निघण्याआधी मोठ्याने सांगा की गाडीने गेलो तरी चालेल, आणि ते खरंच चालायला हवं. विमानात बसताना पोटात गोळा आला तर तो नकार आहे. वैमानिकाने कारण न विचारता तो मानावा. न मानणाऱ्याबरोबर बसू नये.

रद्द केल्यावर बऱ्याचदा दुपारी लख्ख ऊन पडतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. निर्णय सकाळी सातच्या माहितीवर घेतलेला असतो, दुपारी दोनच्या उन्हाने तो चुकीचा ठरत नाही. त्याऐवजी लॉगबुकाशेजारी एक वही ठेवा. न झालेल्या उड्डाणाची तारीख, त्या वेळचा मेटार, कोणता आकडा आड आला, आणि नंतर हवा खरोखर कशी झाली, एवढंच लिहा. वर्षभरात वहीत दिसेल की तुम्ही पुन्हापुन्हा कशावर अडता. क्रॉसविंडवर अडत असाल तर एखाद्या वाऱ्याच्या दिवशी इन्स्ट्रक्टरला शेजारी घेऊन लँडिंगचा सराव करा, आणि हात बसल्यावर दोघांनी मिळून आठचा आकडा दहा करायचा का ते ठरवा.